हँक अ‍ॅरन यांना ‘खरा बादशहा’ म्हणण्याआधी

22 जानेवारी 2021 ला हँक अ‍ॅरन गेले. अटलांटात, झोपेत, वयाच्या 86व्या वर्षी. पुढचे काही दिवस अमेरिकेतले बेसबॉलवेडे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते: होमरनचा खरा बादशहा गेला. यातला ‘खरा’ हा शब्द सहज आलेला नव्हता. कारकिर्दीतल्या सर्वाधिक होमरनच्या नोंदीपुढे आज बॅरी बाँड्सचं नाव आहे, 762. अ‍ॅरन 755 वर, दुसरे. पण बाँड्सवर उत्तेजकांचा डाग आहे. त्यामुळे चाहते मनातल्या मनात त्याचा आकडा खोडतात आणि 755 वर बोट ठेवून म्हणतात, आमच्यासाठी विक्रम हाच.

या चाहत्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. अ‍ॅरन यांच्याबद्दल वाचताना माझाही गळा दाटून येतो. माझं भांडण आहे ते त्या एका शब्दाशी. बाँड्सला एकदा खोटा ठरवलं की अ‍ॅरन खरे ठरतात, आणि अ‍ॅरन यांच्याबरोबर त्यांचा काळही धुतल्या तांदळासारखा होऊन जातो. तेव्हाचा खेळ निर्मळ, तेव्हाचे प्रेक्षक दिलदार, तेव्हाचे आकडे पवित्र. हे चित्र खोटं आहे, आणि ते किती खोटं आहे हे अ‍ॅरन यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाला आपला विक्रम जीव मुठीत धरून करावा लागला, त्याच्याच विक्रमाच्या पाण्याने तो काळ धुऊन काढायचा, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

बेसबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. चेंडू कुंपणापलीकडे जातो आणि फलंदाज चारही बेसना, म्हणजे मैदानातल्या चार ठाण्यांना, पाय लावून निवांत घरी येतो. पण तो षटकाराइतका स्वस्त नाही. मोसमात 162 सामने असतात आणि त्यांत 40 होमरन मारणारा खेळाडू मोठा मानला जातो. बेब रूथ 1935 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचे 714 होते. तो आकडा जवळपास चाळीस वर्षं कोणाच्या हाती लागला नाही. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना राष्ट्राध्यक्षांची नावं आठवली नाहीत तरी 714 आठवायचा. अ‍ॅरन यांनी तो 8 एप्रिल 1974 ला मागे टाकला. त्यांचा शेवटचा, 755वा होमरन 20 जुलै 1976 चा. मग 7 ऑगस्ट 2007 ला सॅन फ्रान्सिस्कोत बाँड्सने 756वा मारला.

त्या रात्री अ‍ॅरन मैदानात नव्हते. पण मोठ्या पडद्यावर त्यांचा आधी ध्वनिचित्रित केलेला संदेश दाखवला गेला. त्यात त्यांनी बाँड्सचं अभिनंदन केलं, आपण आता बाजूला होतो आहोत असं सांगितलं आणि हा पराक्रम पाहून आणखी कोणी आपल्या स्वप्नामागे धावावं अशी इच्छा व्यक्त केली. पुढे 2009 मध्ये, बाँड्सचा विक्रम काढून घेऊन अ‍ॅरन यांना परत द्यावा अशी भाषा सुरू होती, तेव्हाही त्यांनी स्पष्ट सांगितलं की विक्रम बाँड्सच्या नावावर आहे आणि तो कोणी बदलू शकेल असं मला वाटत नाही. ‘खरा बादशहा’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आपण जो मुकुट त्यांच्या डोक्यावर पुन्हा ठेवू पाहतो, तो त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवला होता.

आता चाहत्यांची बाजू. ती दुबळी नाही, उलट चांगली भक्कम आहे. उत्तेजकांची तपासणी आणि त्याबद्दलची शिक्षा हे सगळं बेसबॉलमध्ये 2004 मध्ये कुठे सुरू झालं. त्याआधी 2001 मध्ये बाँड्सने एका मोसमात 73 होमरन मारले होते, वयाच्या 37व्या वर्षी. ज्या वयात खेळाडूंचे गुडघे कुरकुरू लागतात त्या वयात त्याची ताकद वाढत गेली. अ‍ॅरन यांनी उभ्या कारकिर्दीत एका मोसमात 47 च्या वर कधी मारले नाहीत. तेवीस वर्षं थेंबे थेंबे साचलेलं तळं आणि एकाएकी फुगलेला पूर यांत फरक करायचा नाही का, असं चाहते विचारतात. बाँड्सचा 756वा चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने 7,52,467 डॉलरना विकत घेतला, त्याचं काय करावं यावर लोकांचं मत मागवलं आणि सर्वाधिक मतं पडली तसं त्यावर तारांकन, म्हणजे शंकेची खूण, कोरून तो कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये पाठवून दिला. लोकांच्या मनातलं त्या चेंडूवर उतरलं. मीही तेव्हा मत दिलं असतं तर तारांकनालाच दिलं असतं. आज देणार नाही.

कारण एकदा ही तारांकनं काढायला घेतली की हात थांबतच नाही. रूथचे 714 घ्या. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत मोठ्या साखळीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेशच नव्हता. रूथने आपला एकेक होमरन अशा खेळात मारला जिथे देशातल्या काही अव्वल पिचरना, म्हणजे गोलंदाजांना, त्यांच्या कातडीच्या रंगामुळे फाटकाबाहेर उभं केलं होतं. मग 714 वर किती तारांकनं द्यायची? जॉश गिब्सन हा त्या फाटकाबाहेरचा सर्वांत मोठा फलंदाज. तो 1947 च्या जानेवारीत वारला, पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिने उरले होते. किंवा 1961 घ्या. रॉजर मॅरिसने रूथचा एका मोसमातला 60 होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा सामने 154 चे 162 झाले होते म्हणून त्याची नोंद वेगळ्या ओळीत ठेवली गेली. ती वेगळी ओळ काढून टाकायला 1991 उजाडलं. मॅरिस तोवर जगला नाही.

आणि खुद्द अ‍ॅरन यांचा काळ? त्या काळात कपड्यांच्या खोलीत तरतरी आणणाऱ्या गोळ्या सर्रास मिळायच्या. 1968 मध्ये, फॉर्म गेला होता तेव्हा, एका सहकाऱ्याने दिलेली अशी गोळी आपण एकदा घेतली, हृदय बंद पडतंय असं वाटलं आणि तो निव्वळ मूर्खपणा होता, हे अ‍ॅरन यांनी आत्मचरित्रात सांगून ठेवलं आहे. कोणी पकडलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मला हे त्यांच्या पाच-पन्नास होमरनपेक्षा मोठं वाटतं. एका गोळीने बाँड्सशी बरोबरी होत नाही, मी तसं म्हणतही नाही. पण ज्या सोवळ्या भूतकाळाच्या नावाने आपण बाँड्सला बाहेर बसवतो, त्या भूतकाळात राहिलेला माणूस स्वतः तसा दावा करत नव्हता.

दुसरं, बाँड्स आभाळातून पडला नाही. 1994 च्या खेळाडूंच्या संपानंतर मैदानं ओस पडली होती. 1998 च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांनी 70 आणि 66 होमरन मारले आणि लोक परतले. संघमालकांनी तिकिटं विकली, वाहिन्यांनी जाहिराती विकल्या, प्रेक्षकांनी घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकल्या. दंड दुपटीने वाढलेले सगळ्यांना दिसत होते आणि सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. त्या पापातला आपला वाटा चुकता करायचा सोपा मार्ग म्हणजे सगळं ओझं एका बाँड्सच्या डोक्यावर देऊन अ‍ॅरन यांच्या पाया पडणं.

नोंदवहीचं काम निवाडा करणं नाही. जे घडलं ते लिहून ठेवणं, एवढंच. चूक दुरुस्त करायचीच असेल तर ती घडलेलं पुसून होत नाही, वगळलेलं लिहून होते. 2024 मध्ये 1920 ते 1948 या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या साखळ्यांचे आकडे मोठ्या साखळीच्या नोंदीत घेतले गेले. आज कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन पहिला आहे, टाय कॉबच्याही वर. अशी दुरुस्ती मला मान्य आहे. ती कोणाला खोडत नाही, जो नव्हता त्याला आत आणते.

मुद्दा पटला नाही तरी चालेल. पण 755 हा निर्मळ आकडा आहे असं म्हणणाऱ्याने एकदा 1973 चा मोसम उघडून पाहावा. मी तो कितीदा वाचला असेल कोण जाणे.

अ‍ॅरन तेव्हा 39 वर्षांचे. मोसमाअखेर 713 वर थांबले, रूथला गाठायला एकच कमी. त्या वर्षात त्यांना सुमारे 9,30,000 पत्रं आली. अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याबद्दल त्यांना मानपत्र दिलं, कारण राजकारणाबाहेरच्या एका माणसाला इतकी पत्रं कधी आली नव्हती. त्या ढिगात शिव्या होत्या, रंगावरून केलेली घाण होती आणि सरळसरळ धमक्या होत्या. निवृत्त हो नाहीतर मरशील. अमुक दिवशी अमुक मैदानात गोळी घालू. मुलगी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकत होती, तिला पळवून नेण्याचे निरोप आले आणि तपास यंत्रणांना मध्ये पडावं लागलं. अ‍ॅरन संघाबरोबर बाहेरगावी गेले की सहकाऱ्यांपासून वेगळे, खोट्या नावाने उतरायचे. अटलांटाच्या पोलीस दलातला एक जण त्यांच्या संरक्षणाला होता. तो सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत बसायचा आणि त्याच्या दुर्बिणीच्या पेटीत दुर्बिणीऐवजी पिस्तूल असायचं.

सगळीच पत्रं विषारी नव्हती. धमक्यांची बातमी छापून आल्यावर धीर देणाऱ्या पत्रांचा पूर लोटला, त्यांत लहान मुलांची पत्रं खूप होती. हेही लिहायला हवं. आणि द्वेष करणाऱ्यांतही सगळे शिवराळ नव्हते. काही जण आकडेमोड मांडायचे: रूथने 714 साठी सुमारे 8,400 वेळा फलंदाजी केली, अ‍ॅरनला कितीतरी हजार जास्त संधी मिळाल्या, मग श्रेष्ठ कोण? हिशेब म्हणून तो चूक नव्हता. पण तो नेमका 1973 मध्येच का आठवला? आकडा किती सभ्य मुखवटा होऊ शकतो हे मला या पत्रांवरून कळलं, आणि म्हणूनच आज कोणी ‘आम्ही फक्त आकड्यांचं बोलतोय’ म्हटलं की मी थोडा सावध होतो.

17 सप्टेंबर 1973 ला अटलांटात अ‍ॅरन यांनी 711वा होमरन मारला. मैदानात किती माणसं होती? 1,362. बेसबॉलमधला सर्वांत मोठा विक्रम तीन फटक्यांवर आला होता आणि ज्या शहरासाठी तो माणूस खेळत होता त्या शहराने घरी बसणं पसंत केलं. गावच्या जत्रेतल्या कुस्तीलाही आपल्याकडे याहून जास्त माणूस जमतं.

4 एप्रिल 1974, नवा मोसम, सिनसिनाटी. घरच्या प्रेक्षकांसमोर विक्रम व्हावा आणि तिकिटं खपावीत म्हणून त्यांच्या संघाला त्यांना पहिले तिन्ही सामने बसवून ठेवायचं होतं. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी तसं करू दिलं नाही, खेळावंच लागेल असं फर्मावलं. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला सहा वर्षं पूर्ण होत होती. अ‍ॅरन यांनी सामन्याआधी क्षणभर शांतता पाळावी अशी विनंती केली. ती नाकारली गेली. मग ते मैदानात उतरले आणि मोसमातल्या आपल्या पहिल्याच फटक्यावर 714वा मारला.

8 एप्रिलला अटलांटात 53,775 लोक होते. चौथ्या इनिंगला लॉस एंजेलिसच्या अल डाउनिंगचा चेंडू त्यांनी डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे घातला, तो आपल्याच संघाच्या राखीव पिचरने झेलला. डाउनिंगही कृष्णवर्णीय, त्याच्याही पाठीवर 44 हाच क्रमांक. अ‍ॅरन दुसरा बेस ओलांडत होते तेव्हा दोन गोरी पोरं प्रेक्षकांतून उडी टाकून धावत आली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून गेली. ही चित्रफीत अमेरिकेत सगळ्यांनी पाहिलेली आहे, आणि सगळे ती हसत हसत पाहतात. पण वर बसलेल्या त्या पोलिसाच्या बाजूने ती पाहा. पोरं कोण आहेत, हातात काय आहे, हे कळायला त्याच्याकडे एक-दोन सेकंद होते. त्याने पेटी उघडली नाही, हे आपलं नशीब. होम प्लेटला, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी, आईने मुलाला इतकी घट्ट मिठी मारली की आईच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं, असं ते पुढे म्हणत. गोळी आलीच तर ती आपल्याला लागावी, असं त्या माउलीच्या मनात होतं.

अ‍ॅरन माइकसमोर आले आणि म्हणाले, देवाची कृपा, संपलं एकदाचं. विक्रम झाल्याचा आनंद नाही, भोग सरल्याची सुटका. बोवी कून त्या रात्री मैदानात नव्हते. अटलांटातल्या एका वृत्तपत्राच्या क्रीडा विभागात अ‍ॅरन यांचा मृत्युलेख तयार होता, खून झालाच तर छापायला. 2021 मध्ये जे श्रद्धांजलीचे लेख निघाले, त्यांच्या 47 वर्षं आधी एक लेख टेबलाच्या खणात पडून होता.

755 म्हणजे हे सगळं. त्यातले 40 होमरन त्या 1973 च्या मोसमातले आहेत. तो आकडा उत्तेजकांपासून स्वच्छ असेल, पण माणसांनी त्याच्यावर जे फेकलं त्यापासून स्वच्छ नाही. ‘शुद्ध विक्रम’ म्हणताना चाहते नकळत हे पुसून टाकतात, आणि पुसणाऱ्यांत त्या वेळी घरी बसलेले आणि पत्रं लिहिलेलेही आपसूक निसटतात.

काही वर्षांपूर्वी मी अटलांटात नोकरीला होतो. ते जुनं मैदान 1997 मध्येच पाडलं, तिथे मोटारी लावायची मोकळी जागा झाली. त्या डांबरावर कुंपणाचा एक तुकडा तेवढा उभा ठेवला होता, ज्या ठिकाणी 715वा होमरन पलीकडे गेला तिथे. वर आकडा आणि तारीख. एका रविवारी मी गेलो तेव्हा आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी होम प्लेट जिथे असेल तिथून अंदाजाने पावलं टाकत आलो, फटका किती लांब असेल ते पायांना कळावं म्हणून. मध्ये दोनदा थांबलो. अ‍ॅरन गेले तेव्हा लोक याच तुकड्याशी फुलं ठेवून गेले. मी तेव्हा तिथे असतो तर मीही ठेवली असती. पण त्या तुकड्यावर पत्रांबद्दल एक अक्षर मला दिसलं नव्हतं, आणि मला ते आजही खुपतं.

आकड्यांचाच आग्रह असेल तर मग अ‍ॅरन यांचे दुसरे आकडे घ्या. बाँड्सच्या सावलीत त्यांना ओढून आपण त्यांचा खेळ किती लहान करून ठेवला आहे ते कळेल. बेसबॉलमध्ये ‘एकूण बेस’ नावाचा हिशेब असतो: एकेरी फटक्याला एक, दुहेरीला दोन, तिहेरीला तीन, होमरनला चार. अ‍ॅरन यांचे 6,856. दुसरा आल्बर्ट पुहोल्स, 6,211. फरक 645 बेसचा. दोन बेसमधलं अंतर 90 फूट, म्हणजे फरक सतरा किलोमीटरच्या वर जातो. पुण्यात शनिवारवाड्यापासून धावत सुटलात तर पिंपरी मागे टाकाल. हा विक्रम बाँड्स मोडू शकला नाही, रूथ त्याच्या आसपासही नाही. त्यांनी आपल्या फटक्यांवर 2,297 धावा घरी आणवल्या, तोही विक्रम अजून त्यांचाच.

आणि मला सर्वांत आवडणारी वजाबाकी. त्यांचे एकूण हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे यशस्वी फटके, 3,771. त्यातले सगळेच्या सगळे 755 होमरन काढून टाका. उरतात 3,016. तीन हजार हिट म्हणजे कारकिर्दीचं सोनं झालं असं मानतात. म्हणजे या माणसाने एकही होमरन मारला नसता तरी तो थोरांच्या पंगतीला बसला असता. तेवीस मोसमांत एकाही मोसमात तो शंभर वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला नाही. आजचे काही ताकदवान फलंदाज हे अर्ध्या मोसमात करून दाखवतात. मोठा फटका मारायचा तर चुकण्याची किंमत मोजावी लागते, हा आजचा समज. अ‍ॅरन यांच्या मनगटांनी तो मानला नाही.

ही मनगटं मोबाइल शहरातली, अलाबामा राज्यातली. 5 फेब्रुवारी 1934 चा जन्म, गरिबी मोप. बॅट नाही म्हणून काठी, चेंडू नाही म्हणून बाटल्यांची बुचं. शिकवायला कोणी नाही, त्यामुळे हात उलटे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा उजवा हात वर हवा, यांचा डावा वर. हातात बॅट घेऊन एकदा करून पाहा, मनगट कसं पिळवटतं ते कळेल. त्याच उलट्या पकडीने हा मुलगा व्यावसायिक खेळाडू होण्यापर्यंत पोचला. 1952 मध्ये तो इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात होता. त्यांचे त्या वेळचे आकडे आजही मोठ्या साखळीत धरले जात नाहीत, कारण नोंद 1948 पाशी थांबते. वॉशिंग्टनमधल्या एका उपाहारगृहात संघाने न्याहारी केली. ते उठल्यावर आतून आवाज येऊ लागला. त्यांनी ज्या बश्यांत खाल्लं त्या बश्या फोडल्या जात होत्या. कुत्र्याने खाल्लं असतं तर धुऊन ठेवल्या असत्या, असं अ‍ॅरन पुढे म्हणाले.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पुण्याच्या जिमखान्यावर इंग्रजांना नेटमध्ये गोलंदाजी करून तयार झालेले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले बाळू पालवणकर हिंदूंच्या संघातून खेळायचे, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा, पिऊन झाल्यावर फेकून द्यायच्या भांड्यात. चेंडू सगळ्यांनी हाताळलेला चालायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. बाळूंना आज आपण अभिमानाने ‘आपले’ म्हणतो. म्हणावंच. पण 114 सांगताना मातीचं भांडं सांगितलं नाही, तर आपण बाळूंची आठवण काढत नसतो, आपली पाठ थोपटत असतो. अमेरिकेतल्या चाहत्यांनी हे शिकावं असं मी म्हणतो, ते आपल्याला आधी लागू आहे.

अ‍ॅरन यांनी 1973 ची ती पत्रं जाळली नाहीत. घरातल्या माळ्यावर जपून ठेवली. 2014 च्या एप्रिलमध्ये विक्रमाला चाळीस वर्षं झाली तेव्हा अटलांटाच्या मैदानात सोहळा झाला, 1 पासून 715 पर्यंत आकडे हातात धरून लोक मैदानात उभे राहिले. त्याच सुमाराला एका मुलाखतीत अ‍ॅरन म्हणाले की परिस्थिती पूर्ण बदललेली नाही, द्वेष करणारे तेव्हा डोक्यावरून पांढरी टोपडी ओढायचे, आता टाय आणि कडक इस्त्रीचे शर्ट घालतात. एवढं म्हटल्याबरोबर संघाच्या कार्यालयात त्यांच्या नावाने पुन्हा शिवीगाळ येऊन पडली. तेच शब्द, फक्त या वेळी ईमेलमधूनही. म्हातारा माणूस, कमरेचं हाड मोडून नुकताच उभा राहिलेला. 715 आकडे धरून उभे राहणारेही चाहतेच आणि ते शब्द लिहिणाऱ्यांतलेही बरेचसे स्वतःला बेसबॉलचे चाहतेच म्हणवत असणार. ‘चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं’ हे वाक्य वाचलं की मला दोन्ही दिसतात.

ते मागत काय होते? कौतुक मागत नव्हते. 1982 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी 415 पैकी 406 मतं पडली. नऊ जणांना हा माणूस लायक वाटला नाही, त्याबद्दलही त्यांनी थयथयाट केला नाही. ते मागत होते खुर्च्या. मैदानावर आम्ही चालतो, तर मग संघ चालवायला का चालत नाही? 1974 मध्ये त्यांच्याच संघाने मोसमाच्या मध्यावर मॅनेजरला काढलं, तेव्हा ही जबाबदारी आपल्याला विचारली जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती दुसऱ्याकडे गेली. मोठ्या साखळीला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, 1975 मध्ये मिळाला. निवृत्तीनंतर अ‍ॅरन अटलांटाच्या संघात नव्या खेळाडूंची जडणघडण पाहू लागले, तेव्हा व्यवस्थापनात कृष्णवर्णीय लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. लोक होमरनचं विचारायचे, ते नोकऱ्यांचं बोलायचे.

ते गेल्यानंतर एक गोष्ट मात्र त्यांच्या मनासारखी झाली. अटलांटात नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या नावाची एक शाळा होती. गुलामगिरी टिकवायला लढलेला सेनापती आणि पुढे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेचा पहिला म्होरक्या. 2021 च्या एप्रिलमध्ये शिक्षण मंडळाने ते नाव उतरवून शाळेला हँक अ‍ॅरन यांचं नाव दिलं. फुलांच्या ढिगापेक्षा ही आठवण मोलाची, कारण तिच्यासाठी कोणाला तरी एक पाटी काढावी लागली. बेसबॉलनेही दरवर्षी 8 एप्रिलला एवढं करावं: प्रत्येक मैदानातल्या पडद्यावर तो फटका दाखवावा, आणि त्याच्या आधी त्या माळ्यावरचं एक पत्र वाचून दाखवावं. मुलं बसलेली असतात म्हणून कोणी नको म्हणेल. अ‍ॅरन यांच्याही घरात मुलंच होती.

8 एप्रिल 1974 ला अ‍ॅरन बॅट घेऊन उभे होते तेव्हा त्यांच्यानंतर फलंदाजीला यायचा होता डस्टी बेकर, वय 24. अठराव्या वर्षी तो संघाशी करारबद्ध झाला तेव्हा अ‍ॅरन यांनी त्याच्या आईला शब्द दिला होता की याला पोटच्या मुलासारखा सांभाळीन, आणि तो पाळला. 2022 मध्ये हा बेकर 73 वर्षांचा होता आणि ह्यूस्टनच्या संघाचा मॅनेजर म्हणून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचा विजेता ठरवणारी मालिका, खेळत होता, जिंकलाही. त्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1950 नंतर असं पहिल्यांदाच घडलं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा बेकर म्हणाला, बेसबॉलने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नाही.